एसटी म्हणजे नेमकं काय? हा शब्द आला कुठून?

एसटी म्हणजे ‘स्टेट ट्रान्सपोर्ट’, राज्याची प्रवासी वाहतूक. पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, तेव्हा मुंबई प्रांत होता. पुढे १९६० ला महाराष्ट्र झाला, महामंडळाचं नाव बदललं, पण लोकांच्या तोंडी एसटीच राहिली. खेड्यापाड्यांत तर तिची ‘यष्टी’ झाली. एसटी म्हणजे राज्याची गाडी, म्हणूनच खासगी बसला आपण कधी एसटी म्हणत नाही. धुळे, जळगावच्या आगारात ‘रा.प.’ लिहिलेलं दिसतं ना, ते याचंच मराठी रूप: राज्य परिवहन.

आपल्या नंदुरबारकडे मात्र जपून वाचा. ‘एसटीचा दाखला’ म्हटलं तर बसचा संबंध नाही; तो अनुसूचित जमातीचा, म्हणजे ‘शेड्यूल्ड ट्राइब’चा दाखला.