फील्डबुकात खोडरबर नको

नाशिक

चि.,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अरुणाचलातल्या अंजाव जिल्ह्यातून आलेले तुझे पत्र दोनदा वाचले. सर्वेक्षणाची ती नोकरी सोडून इकडे शहरातल्या प्लॉटांची मोजणी करावी का, हा तुझ्या घरचा प्रश्न आहे. परत येण्यात कमीपणा नाही, एवढेच म्हणतो. मला खटकली ती मधलीच एक ओळ. दाट बांबूखाली रोव्हरला, म्हणजे उपग्रहांवरून जागा ठरवणाऱ्या त्या यंत्राला, ‘फिक्स’ म्हणजे पक्की जागा मिळत नाही, ‘फ्लोट’ म्हणजे कच्च्या जागेवरच काम उरकावे लागते आणि अँटेनाची उंची संध्याकाळी कॅम्पवर अंदाजाने भरली जाते, असे तू इतक्या सहजपणे लिहिलेस की मी हातातला चहा खाली ठेवला. आकडा जागेवर लिहायचा असतो. कॅम्पवर भरलेल्या आकड्याला मी आकडा म्हणत नाही.

जळवा, डिमडिम माश्या, आठवडाभर न वाळणारे बूट, हे सारे मी भोगले आहे. त्यावर सांत्वन करत बसत नाही.

त्याच लोहित खोऱ्यात मी बारा स्थानकांचा बंद ट्रॅव्हर्स, म्हणजे फिरून सुरुवातीच्याच ठिकाणी येणारी मोजणी, करत होतो. सातव्या स्थानकावर कोन मोजणाऱ्या थिओडोलाइटचे डाव्या फेसचे, म्हणजे पहिल्या बाजूचे, वाचन झाले आणि पाऊस कोसळला. त्याची दुर्बीण उलटवून उजव्या फेसचे, म्हणजे पडताळ्याचे, वाचन घेण्याचे मी टाळले आणि रात्री कंदिलाशी बसून डाव्या आकड्यात १८० अंश मिळवून रकाना भरला. बेरीज चुकली तेव्हा रबराने खोडून पुन्हा लिहिली. झेंडी धरणाऱ्या खलाशाने, म्हणजे माझ्या मदतनिसाने, ते पाहिले, पण तो काही बोलला नाही. पुढे आतल्या कोनांची बेरीज १८०० अंश यायची, ती २० मिनिटांनी कमी आली. माझ्या थिओडोलाइटच्या चकतीवरचे एक घर २० मिनिटांचे होते. डावा फेस वाचताना मी एक घर चुकलो होतो, आणि उजवा फेस घेतला असता तर ती चूक तिथेच उघडी पडली असती.

दोन दिवस चालून परत त्या स्थानकावर गेलो. तेवढ्यात नाला फुगला आणि नऊ दिवस पलीकडेच अडकलो. कॅम्पवर आईच्या आजारपणाची तार येऊन पडली होती. नाशिकला पोहोचलो तेव्हा रामकुंडावरचा दहावा धाकट्या भावाने उरकलेला होता. कित्येक वर्षे मी नाल्याला दोष दिला. तार आली त्याच दिवशी निघालो असतो तरी प्रवास सहा दिवसांचा होता आणि आई चौथ्या दिवशी गेली. हा हिशेब मी अनेकदा केला आहे व तो बरोबर आहे. भावाला तो कधीच पटला नाही.

पंडित नैनसिंग रावत १८६५-६६ मध्ये ब्रिटिशांच्या सर्वेक्षणासाठी वेश बदलून तिबेटात ल्हासापर्यंत पावले मोजत गेले. शंभर पावलांना एक मणी, आणि माळेत १०८ ऐवजी १०० मणी. पकडले गेले असते तर जिवावर बेतले असते, तरी त्यांनी टिपणे केवळ स्मरणावर सोडली नाहीत. प्रार्थनाचक्रात कागद लपवून नेले. तुला तर फक्त खांबाला टेप लावून उंची लिहायची आहे! तेवढेही होत नसेल तर ते स्थानक रिकामे सोड आणि ‘वाचन घेतले नाही’ असे लिही. वरिष्ठ रागावतील, रागावू देत. जागेवर लिही, चुकले तर एक आडवी रेघ मारून वर बरोबर आकडा लिही, म्हणजे चूकही वाचता येईल.

परवा गोदेला पूर आला. पाणी पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलेले मी स्वतः पाहून आलो. गल्लीत मात्र घरबसल्या ते छातीपर्यंत चढवणारे भेटलेच.

सोबत सहा पेन्सिली पाठवत आहे. मागे रबर नसलेल्या मिळायला तीन दुकाने फिरावी लागली.

तुझा,
काका