पिल्लाची त्वचा लाल का पडते?

प्रश्न : कॉकाटीलचं (तुरेवाल्या छोट्या पोपटाचं) १८ दिवसांचं पिल्लू हाताने भरवतो आहोत. पुठ्ठ्याच्या खोक्यात ६० वॅटचा बल्ब लावला आहे. त्वचा लालसर, कोरडी झाली आहे आणि पाठीवर कोंडा दिसतो. खोबरेल लावावं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तेल अजिबात नको. उगवती पिसं चिकटून बसतात, ऊब धरत नाहीत आणि मूळ कारण तसंच राहतं.

या वयात पिसांच्या कोंबांवरचं आवरण भुग्यासारखं गळतं. भुग्याखालची कातडी फिकट गुलाबी आणि मऊ असेल तर काळजी नाही. तुमच्या पिल्लाची लाल आहे, म्हणजे बहुधा खोकं जास्त तापतंय आणि हवा कोरडी पडतेय. थर्मामीटर पिल्लाच्या उंचीवर ठेवा, झाकणाला टांगू नका. पिसं फुटू लागलेल्या या वयाला साधारण २९ ते ३१ अंश सेल्सिअस पुरतं. पिल्लू चोच उघडून धापा टाकत असेल, पंख अंगापासून दूर धरत असेल तर बल्ब वर घ्या किंवा कमी वॅटचा लावा. जाळी घट्ट बसवलेली पाण्याची वाटी कोपऱ्यात ठेवली की हवेत ओल राहते. ५० ते ६० टक्के आर्द्रता हवी.

सोबत अंगातलं पाणीही पाहा. पाठीची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडा. सुरकुती तशीच राहिली तर पिल्लाला पाणी कमी पडतंय. फॉर्म्युला (पिल्लांना भरवायची तयार पूड पाण्यात कालवून केलेलं अन्न) थोडा पातळ करा, आणि पिल्लू मलूल असेल तर त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्या. गळ्यावर सांडलेलं अन्न दर वेळी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसा. वाळलं की खपली धरते आणि खाली कातडी सोलवटते.

प्रश्न : पोपटाच्या पिल्लाच्या क्रॉपवर (गळ्याखालच्या अन्नाच्या पिशवीवर) तपकिरी खपली आली आहे आणि भरवलेलं अन्न छातीवर ओघळतं. मलम कोणतं? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मलमाने हे बरं होणार नाही. हे बहुतेक वेळा गरम फॉर्म्युल्यामुळे क्रॉप भाजल्याचं लक्षण असतं. भाजल्याचं लगेच कळत नाही. काही दिवसांनी कातडी काळवंडते, खपली धरते आणि मग भोक पडतं. खपली ओढून काढू नका. डॉक्टर मेलेला भाग नीट वेगळा झाल्यावर क्रॉप आणि कातडी वेगवेगळी शिवतात. तोवर किती आणि कसं भरवायचं, हेही त्यांनाच विचारा.

पुढे मायक्रोवेव्ह टाळा, कारण त्यात मधेच एखादा भाग कढत राहतो. गरम पाण्यात कालवा, नीट ढवळा आणि थर्मामीटरवर ३९ ते ४१ अंश दिसले तरच सिरिंज भरा. मनगटावर थेंब टाकून पाहण्यावर विसंबू नये. याहून थंड असेल तर पिल्लू नाकारतं आणि क्रॉप रिकामं व्हायला वेळ लागतो.

प्रश्न : ढोलीतून पडलेल्या पोपटाच्या पिल्लाला खरचटलं आहे, हळद लावली. पाळू शकतो का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : नाही. आपला रानपोपट वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. हळद पुसून कोमट सलाईनने जखम धुवा, छिद्रं पाडलेल्या खोक्यात मऊ कापडावर उबेत ठेवा. बेशुद्ध किंवा गार पडलेल्या पिल्लाच्या चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. लगेच वनविभागाला १९२६ वर कळवा.