'लक्ष्या गेला' की 'लक्ष्या गेले'?

एका ताईंनी विचारलंय: "१६ डिसेंबरला लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या आठवणीत चार ओळी लिहिल्या. सुरुवात केली, 'लक्ष्या गेला तो दिवस अजून आठवतो.' घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी टोकलं, की गेलेल्या माणसाला अरेतुरे करू नये, निदान 'लक्ष्या गेले' तरी लिही. बरोबर काय?"

ताई, तुमचं वाक्य बरोबर आहे. 'लक्ष्या गेले' आदरापोटी सुचवलेलं असलं तरी ते कानाला खटकतं, आणि त्याला कारण आहे.

नाव आखूड करून शेवटी 'या' जोडायची आपली जुनी रीत. गणेशचा गण्या, प्रकाशचा पक्या, सचिनचा सच्या. लक्ष्मणाचाही लक्ष्या आणि लक्ष्मीकांताचाही लक्ष्याच. हा 'या' लागला की एकेरीपणा नावातच मुरतो, क्रियापदाला दुसरी वाट उरत नाही. 'गण्या आले' असं कोण म्हणतं? उलट दादा, भाऊ हे शब्द मोठेपणाचे. म्हणून १९९८ साली दादा कोंडके वारले तेव्हा लोक 'दादा गेले' म्हणाले, २००९ साली निळू फुले वारले तेव्हा 'निळूभाऊ गेले' म्हणाले. माया तिथेही कमी नव्हती. नावाची घडणच वेगळी होती.

तुमच्या वडीलधाऱ्यांची हरकत मात्र उडवून लावण्यासारखी नाही. हाच 'या' वाड्यातल्या गड्याला, गावकुसाबाहेरच्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवला गेला. वयाने बापासारख्या माणसालाही मालकाचं पोर 'ए धोंड्या' म्हणून हाक मारायचं. ज्यांच्या घरात ती हाक ऐकलेली आहे, त्यांना हा प्रत्यय टोचणारच. पण त्याच 'या'ने जनाबाईच्या अभंगात साक्षात पंढरीच्या विठोबाला 'विठ्या' केलं आहे. हाक वरून खाली आली तर ती हिणवते, पोटातून आली तर जवळ घेते. आपण 'वडील गेले' म्हणतो आणि 'आई गेली' म्हणतो. आईबद्दलचा आदर कमी असतो म्हणून नव्हे ना?

शिवाय हे नाव लोकांनी परस्पर लादलेलं नाही. 'धूमधडाका' (१९८५) मध्ये पात्राचं नाव लक्ष्या, 'झपाटलेला' (१९९३) मध्येही लक्ष्याच. त्याच 'झपाटलेला'त महेश कोठारे यांचं पात्र महेशच राहतं, त्याचा 'मह्या' होत नाही. लक्ष्मीकांतचा मात्र लक्ष्या होतो आणि ते नाव त्याने पडद्यावर हक्काने मिरवलं. 'अशी ही बनवाबनवी'त (१९८८) पात्र बदललं, तर तिथेही परशुरामाचा परश्या झाला. इतकंच काय, 'एक होता विदूषक' (१९९२) सारखा गंभीर चित्रपट बघून बाहेर पडलेली माणसंही 'लक्ष्याने काय काम केलंय!' असंच म्हणाली. दाद देतानाही एकेरी सुटली नाही, ती दु:खात कशी सुटेल?

मला २००४ सालची ती सकाळ आठवते. आदल्या दिवशी तो गेला होता, वयाची पन्नाशी नुकतीच पूर्ण झालेली. वडिलांनी दारातला पेपर उचलला. बातमीत छापलं होतं, 'लक्ष्मीकांत बेर्डे यांचे निधन'. वडील तसेच उभे राहिले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "अगं, लक्ष्या गेला." आईच्या हातात चहाची गाळणी होती. ती तशीच पातेल्यावर राहिली. 'कोण लक्ष्या?' असं तिने विचारलं नाही. आमच्या नात्यात, चाळीत त्या नावाचे दोघेजण होते, तरी विचारलं नाही. वडील कुणाही परक्याला अहोजाहो करणारे, दूधवाल्या पोरालासुद्धा. आयुष्यात ज्याला कधी भेटले नाहीत अशा माणसाला त्यांनी एकेरीत संबोधल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

त्या दोन वाक्यांकडे जरा नीट बघा. 'बेर्डे यांचे निधन झाले' हे चालतं, 'लक्ष्या गेला' हेही चालतं, पण 'लक्ष्याचे निधन झाले' म्हटलं की शब्द एकमेकांपासून अंग चोरून उभे राहतात. 'निधन' हा बातमीतला, शोकसभेतला शब्द. त्याच्या शेजारी पूर्ण नाव आणि 'यांचे' हवं. घरातलं माणूस 'जातं'. 'लक्ष्या' बरोबर तेच क्रियापद बसतं. तुम्ही लिहिताना ते आपोआप आलं, कारण तुमचा कान शाबूत आहे.

जाता जाता लेखनाचं. सामान्य रूप करताना या नावात काही बदलत नाही: लक्ष्याला, लक्ष्याने, लक्ष्याचा. काहीजण 'लक्षाचा' लिहितात, ते नको. 'लक्ष' म्हणजे ध्यान किंवा लाख, ते वेगळं. 'लक्ष्य' म्हणजे नेम, त्याचं रूप मात्र हुबेहूब 'लक्ष्याचा' असंच होतं, तिथे संदर्भावरूनच ओळखायचं. अर्थात 'आज लक्ष्याचा पिक्चर लागलाय' या वाक्यात कुणाही मराठी माणसाचा घोटाळा होणार नाही.

तेव्हा पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव आणि 'यांना' लिहून टाका, वडीलधाऱ्यांचाही मान राहील. त्यापुढे मनात येईल तसं 'लक्ष्या' लिहा, आणि मग अर्ध्यात 'त्यांनी'वर जाऊ नका.