चावीवाल्याचं नाव विचारून ठेव

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सावकाश वाचलं. लोकल रखडते, साहेब संध्याकाळी निघायच्या वेळी नवं काम गळ्यात मारतात, वरच्या मजल्यावरची गळती तुमच्या भिंतीत उतरली आहे आणि पहाटेचं पाणी करंगळीएवढ्या धारेनं येतं. यातलं एकही गाऱ्हाणं खोटं नाही. म्हणून 'जरा चांगलं बघायला शीक' असं मी तुला सांगणार नाही. 'आपल्यापेक्षा वाईट दिवस काढणाऱ्यांकडे बघ' हेही नाही. तो सल्ला मला कधीच पटला नाही. दुसऱ्याच्या हालांवर आपलं समाधान उभं करणं मला बरं वाटत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की आभार मानायचे तर माणसाचे मान. नशिबाचे, आयुष्याचे असे मोघम आभार वैतागाच्या पहिल्याच धक्क्याला वाहून जातात.

तुझ्या पाण्याचंच बघ. मुंबईत बहुतेक ठिकाणी पाणी ठरलेल्या वेळी येतं. एका भागाचा व्हॉल्व्ह बंद करायचा, दुसऱ्याचा उघडायचा, असं ते दिवसरात्र फिरवलं जातं. हे काम चावीवाल्याचं. पाणीखात्यात नोकरी केल्यामुळे मी ही माणसं जवळून पाहिली आहेत. भर पावसात रस्त्यातलं लोखंडी झाकण पहारीनं उचलायचं, खालच्या गढूळ पाण्यात चाचपत छातीइतकी उंच चावी व्हॉल्व्हवर बसवायची आणि दोन्ही हातांनी, तोंडानं फेरे मोजत ती फिरवायची. घाई केली तर दाबाचा तडाखा बसून जुनी जलवाहिनी फुटू शकते, म्हणून अंग भिजत असलं तरी सावकाश. मुरलेल्या चावीवाल्याला हाताला लागणाऱ्या जोरावरून कळतं की आत काहीतरी अडतंय. मग तो थांबतो, थोडी उलट फिरवतो, परत सुरू करतो. तू कूस बदलतोस तेव्हा हे चाललेलं असतं.

आणि तो शेवटचा माणूस. त्याच्यामागे भांडुपला आणि पांजरापूरला पाणी शुद्ध करणारे, जलवाहिन्यांवर गस्त घालणारे, पंपांवर रात्रपाळी करणारे. 1860 मध्ये विहारचं पाणी शहराला मिळू लागलं, आज सात तलावांमधून रोज सुमारे 385 कोटी लिटर येतं. विहार आणि तुळशी मुंबईतच आहेत, बाकीचे पाच ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. तानसा आणि भातसा शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरसाठी हंड्यांच्या रांगा लागतात. धरण उशाला, कोरड घशाला. हे कळल्यावर नुसतं 'धन्य वाटतं' म्हणून भागत नाही. आपण कुणाचं तरी देणं लागतो, हे जाणवायला हवं. गच्चीवरची टाकी वाहत असेल तर सेक्रेटरीच्या मागे लाग. शहापूरच्या बायकांनी पाणी मागितलं की 'यांचं नेहमीचंच' म्हणणाऱ्यांत तू नसावास, एवढी माझी इच्छा आहे.

तक्रार सोडून दे, असं यात कुठेही नाही. उलट कोण काय करतं हे कळलं की तक्रार योग्य दारात जाते. आपला राग नेहमी समोर सापडलेल्या सगळ्यात लहान माणसावर निघतो. गाडी रखडली की स्टेशनवरच्या तिकीटवाल्यावर, पाणी कमी आलं की चावीवाल्यावर. जलवाहिनी गळते आहे, त्यात त्याचा काय दोष? दाब कमी असेल तर कुठल्या दिवशी किती वाजता काय झालं ते टिपून वॉर्ड ऑफिसात लेखी दे, पोच घे. आणि त्याच सकाळी चावीवाला दिसला तर त्याला चहा विचार. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला जमतात.

तू पुराव्यावर विश्वास ठेवणारा, म्हणून एक सांगतो. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅक्कलो या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्याबद्दल आभार वाटतात अशा गोष्टी लिहिल्या, काहींनी त्रासाच्या लिहिल्या. आभार लिहिणाऱ्यांना एकंदर आयुष्याबद्दल जास्त बरं वाटत होतं, पुढच्या आठवड्याबद्दल आशाही जास्त होती. आठवड्यातून एकदाच, हे लक्षात घे. रोज उरकायचं म्हणून लिहिलं तर त्याचा गृहपाठ होतो. माझी भर एवढीच, की लिहिताना माणूस लिही. 'गाडीत बसायला मिळालं' यापेक्षा 'ठाण्याला उतरणाऱ्या काकांनी खुणेनं जागा दिली'.

आपल्या लोकांना हे शिकवावं लागत नाही खरं तर. दसऱ्याच्या सुमाराला लोकलचे ग्रुप काय करतात, बघितलंयस ना? डब्याला झेंडूची तोरणं, देवीची तसबीर, आरती, पेढे, आणि मोटरमनला हार. वर्षभर जिला शिव्या घातल्या तिचीच पूजा, आणि दुसऱ्या दिवशी लेट झाली की पुन्हा बोंब. मला ते दृश्य फार आवडतं. त्यात खोटं काही नाही.

आईच्या डब्याबद्दल मी लिहीत नाही, ते तुझं तू बोल. पण मनात ठेवू नकोस, तोंडानं बोल.

दिवाळीला सोसायटी चावीवाल्याच्या हातावर पाकीट ठेवते. ते द्यावंच, पण या रविवारी जरा लवकर उठून खाली जा आणि त्याचं नाव विचार. पुढच्या पत्रात मला कळव. वॉर्ड ऑफिसच्या अर्जाचा मसुदाही पाठव. पाण्याच्या वेळा नीट लिहिल्यास की नाही, ते मी बघून देतो.

तुझा,
काका