सगळ्यांचा श्वास 20 कसा काय?

प्रश्न : ताई, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून दोन वर्षं झाली, तालुक्याच्या एका खाजगी हॉस्पिटलात मेल वॉर्डला आहे. नाइटला 32 पेशंट, मी एकटी आणि एक मावशी. रात्री 2 चं टीपीआर (ताप, नाडी, श्वास) सगळ्यांचं घेणं होतच नाही, सीनियर म्हणते संध्याकाळचं बघून भर, श्वास सगळ्यांना मिनिटाला 20 टाक. गेल्या आठवड्यात निमोनियाच्या एका काकांना मी न बघताच 20 लिहिलं आणि सकाळी ते आयसीयूत गेले. आता बरे आहेत, कुणी काही विचारलंही नाही. पण मला झोप येत नाही. सांगू का कुणाला? नोकरी जाईल अशी भीती वाटते.

उत्तर : अगं, आधी एक, तुझ्या 20 मुळेच काका आयसीयूत गेले असं काही नाही. पण डॉक्टर सकाळी येऊन तो चार्ट बघतात, रात्री 2 पर्यंत बरे होते मग अचानक बिघडले असं धरून चालतात, आणि तिथे तुझं खोटं कामाला लागतं. म्हणून इनचार्ज सिस्टरना सांग. जुनी नोंद खोडू नकोस, व्हाइटनर तर अजिबात नाही. आजची तारीख, वेळ घालून नोट्समध्ये लिही की त्या रात्री 2 चं रीडिंग घेतलेलं नव्हतं. ओरडा बसेल. नोकरीची हमी मी देऊ शकत नाही, उगाच कशाला खोटं सांगू.

मीही हे केलंय गं. ट्रेनिंग संपल्यावर पहिल्याच वर्षी एका बाळंतिणीची नाडी 84 लिहिली, सवयीने, आणि पंधरा मिनिटांनी चादर बदलायला गेले तर खाली रक्ताचं थारोळं, नाडी मोजली तर 130. वाचली ती. पण तो 84 माझ्या अक्षरात होता ना.

आणि श्वासच का म्हणतेय, तर पेशंट बिघडायला लागला की बरेचदा पहिला तोच वाढतो, बीपी नंतर पडतं, बोटाला लावलेलं मशीन तर बराच वेळ ऑक्सिजन 96-97 टक्के दाखवत बसतं कारण माणूस धापा टाकून ते टिकवत असतो. मोठ्या माणसाचा नॉर्मल 12 ते 20. ब्रिटनमध्ये 2012 पासून जो न्यूज स्कोर (श्वास, नाडी, बीपी वगैरेंना गुण देऊन पेशंट किती बिघडलाय ते बघायची पद्धत) वापरतात त्यात 25 किंवा वर गेला की एकदम 3 गुण, म्हणजे बाकी सगळं ठीक असलं तरी लगेच कुणीतरी येऊन बघायचं.

32 जणांचं एकटीने होणार नाही, हे मला दिसतंय, त्यात तुझी चूक नाही. मग ओव्हर (आधीच्या सिस्टरकडून पेशंटची माहिती) घेतानाच ठरव कोणाला बघायचंच : आजचं ऑपरेशन झालेला, ऑक्सिजनवरचा, तापातला, रात्री बडबडायला लागलेले आजोबा. असे सात-आठच निघतात. बाकीच्यांच्या खान्यात "झोपेत, घेतलं नाही" लिही. असे खाने बघून उद्या मॅनेजमेंटला विचारता तरी येतं की दुसरी सिस्टर का नाही, सगळीकडे 20 दिसलं तर त्यांच्या लेखी सगळं छानच चाललंय.

मोजताना पेशंटला सांगू नकोस, कळलं की श्वास बदलतो. नाडी धरल्यासारखं मनगट धर आणि छातीकडे बघ, पूर्ण मिनिट. आणि सेकंदकाट्याचं घड्याळ घे बाई, मोबाईल हातात दिसला की नातेवाइकांना वाटतं सिस्टर व्हॉट्सअ‍ॅप बघतेय.