क्वार्ट्झचं काम एवढ्याशा खांबांना कसं जमतं?

प्रश्न: पोलराइज्ड गॉगल घालून मोबाईल फिरवला की एका कोनात स्क्रीन काळी पडते, ते पोलरायझेशनमुळे, म्हणजे प्रकाशाच्या कंपनाच्या दिशेमुळे, हे माहितीये. पण सिलिकॉनच्या बारीक खांबांचा थर हेच पोलरायझेशन वळवू शकतो असं वाचलं, ते कसं काय? आणि सोनं का नाही वापरत?

उत्तर: गॉगल एका दिशेचं कंपन सोडतो आणि दुसरं गिळून टाकतो, म्हणजे साध्या प्रकाशातला निम्मा तिथेच गेला. वेव्हप्लेट, म्हणजे पोलरायझेशन वळवणारी क्वार्ट्झसारख्या स्फटिकाची चकती, काही गिळत नाही, दोन दिशांच्या कंपनांपैकी एकाला फक्त उशीर करते. अर्ध्या लाटेचा उशीर झाला की पोलरायझेशनची दिशा वळते. क्वार्ट्झमध्ये दोन्ही दिशांच्या अपवर्तनांकात फरक जेमतेम ०.००९, त्यामुळे ६३३ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशासाठी सुमारे ३५ मायक्रॉन जाडी लागतेच.

खांबांचं तंत्र वेगळं. झोपाळा आठवा, हात सावकाश हलवला तर झोपाळा हाताबरोबर जातो, त्याच्या मूळ लयीपेक्षा भराभर हलवला तर बरोबर उलटा जातो, म्हणजे अर्ध्या फेरीचा फरक पडला आणि तोही जागच्या जागी! आता खांब लंबगोल करा. लांब बाजूची लय संथ, आखूड बाजूची जलद, आणि प्रकाश या दोन लयींच्या मधला निवडायचा, मग एक कंपन मागे पडतं आणि दुसरं जवळपास बरोबर राहतं. म्हणून मायक्रॉनपेक्षा कमी उंची पुरते.

पण नुसता एकच रेझोनन्स (म्हणजे मूळ लयीशी जुळून जोरात डोलणं) असेल तर बराच प्रकाश मागे फेकला जातो. सिलिकॉनच्या खांबात विद्युत आणि चुंबकीय असे दोन्ही रेझोनन्स असतात, ते एकाच रंगावर, सारख्या ताकदीचे जुळवले की मागे जाणाऱ्या लाटा एकमेकींना खोडतात (याचं मूळ गणित मिल्टन कर्कर या शास्त्रज्ञाने १९८३ मध्ये मांडलं होतं, तेव्हा असे खांब कुठले!). सोन्यात इलेक्ट्रॉन इकडून तिकडे धावतात आणि प्रकाशाची उष्णता होऊन जाते. सिलिकॉन १५५० नॅनोमीटरला जवळपास पारदर्शक, वर अपवर्तनांक ३.५ च्या आसपास.

२०१५ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाच्या गटाने ७१५ नॅनोमीटर उंचीचे लंबगोल खांब वापरून ९१५ नॅनोमीटरच्या प्रकाशाचा फेज (लाट किती पुढे-मागे आहे ते) आणि पोलरायझेशन दोन्ही हवे तसे वळवले, कार्यक्षमता ७२ ते ९७ टक्के. खरं तर ते खांब झोपाळ्यापेक्षा छोट्या वेव्हगाईडसारखे, म्हणजे प्रकाश आतून वाहून नेणाऱ्या नळीसारखे चालतात, पण लंबगोल आकाराची युक्ती तीच.

रेझोनन्सवाल्यांची खोड म्हणजे रंगाचा पट्टा अरुंद, त्यात खांब ठरल्यापेक्षा जरा जाड कोरला गेला की लय सरकते आणि प्रकाश दोन लयींच्या मधून बाहेर पडतो.