सीटबेल्ट लावला की होलस्टरमध्ये (कमरेच्या पिस्तुलाच्या कव्हरमध्ये) अडकतो, मग काय करायचं?

प्रश्न: पोलिसांच्या पेट्रोलिंगच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून नवीनच ड्युटी लागलीये. दिवसभरात वीस-पंचवीस वेळा चढउतार होते, त्यात बेल्ट होलस्टरमध्ये अडकतो म्हणून सिनियर लोक लावतच नाहीत. लावलाच पाहिजे का? आणि सायरन चालू असताना लाल सिग्नलला थांबायचं का?

उत्तर: भाऊ, बेल्ट लावायचाच. पाठलाग काय, कधीतरी होतो, पण गाडी तर रोज तासन्‌तास चालवता ना, ठोकर तिथेच बसते. अडकायचा प्रॉब्लेम खरा आहे, पण तो सवयीने सुटतो. उभ्या गाडीत बसून करून बघा, एका हाताने बकल दाबायचं, दुसऱ्या हाताचा अंगठा पट्ट्याखालून सरकवत पट्टा अंगापासून लांब दरवाज्याकडे न्यायचा आणि मगच दरवाजा उघडायचा, वीसएकदा केलं की हात आपोआप चालतो. कॉलच्या जागी पोचताना गाडी अगदी चालीच्या वेगावर आली की बकल सोडा, त्याआधी नाही.

सिग्नलचं म्हणाल तर सायरन म्हणजे फक्त विनंती, समोरचा काचा बंद करून एसी आणि गाणी लावून बसलेला असतो, त्याला तुम्ही जवळ आल्यावरच कळतं, म्हणून चौकात जवळपास थांबायचं आणि एकेक लेन बघत, त्या लेनमधली गाडी खरंच थांबलीये ना हे बघून पुढे सरकायचं. तुमच्या पुढे दुसरी पोलीस गाडी गेली असेल तर जास्तच सांभाळा, लोकांना वाटतं गेली एकदाची आणि ते निघतात.

वेगाचा हिशोब पण करून बघा. ८ किलोमीटर ६० ने गेलात तर ८ मिनिटं, ८० ने गेलात तर ६, म्हणजे वाचली २ मिनिटं, तीही रस्ता मोकळा असेल तर, आणि ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर मात्र पावणेदोन पट होतं. वायरलेस, मोबाईल शेजारच्याकडे द्या, ६० च्या स्पीडला २ सेकंद खाली बघितलं तरी ३३ मीटर गाडी आंधळी जाते.

एक राहिलंच, शिफ्ट बदलताना आधीच्या लोकांची पाण्याची बाटली सीटखाली पडलेली असते, ती घरंगळत ब्रेकखाली येते. चावी फिरवायच्या आधी एकदा वाकून बघत जा.